माधव आपटेचं गाव कोणतं?

'डोंबिवली फास्ट' पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोंबिवली नेमकी कुठे आहे, हे मला माहीत नव्हतं. नागपुरातलं इंजिनिअरिंगचं हॉस्टेल, एक लॅपटॉप आणि त्याच्यासमोर आम्ही पाच जण. पाचही जण नागपूरच्या पूर्वेकडचे. सिनेमा संपल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "काहीबी होऊ दे भाऊ, मुंबईले नोकरी नाही करायची." त्या पाचांपैकी तिघं आज मुंबईत नोकरी करतात. हे वाक्य म्हणणाराही त्यांत आहे.

मी मात्र आमगावात राहतो. कंपनी पुण्याची, काम घरून, तीन महिन्यांतून एकदा ऑफिसात तोंड दाखवून यायचं. मुंबईला गेला तो माझा मोठा भाऊ. सहा वर्षं झाली, तो डोंबिवलीत भाड्यानं राहतो. आता त्याला तिथंच फ्लॅट घ्यायचा आहे. त्यासाठी आमच्या धानाच्या जमिनीतले दोन एकर विकायचे का, हा प्रश्न दिवाळीपासून घरात बसलेला आहे, उठायचं नाव घेत नाही. शेवटी बाबूजी म्हणाले, "मी पायतो ना ते गाव. मंग सांगतो." खरिपाचा धान विकून झाला होता, हात मोकळे होते. जानेवारीत मी त्यांना घेऊन निघालो.

आमगावातून राजधानीला जायचं म्हणजे आधी उलट्या हिशोबाची सवय हवी. आमच्या स्टेशनवरून रायपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे शेजारच्या राज्याची राजधानी आम्हाला तीनेक तासांवर आणि स्वतःच्या राज्याची साडेनऊशेहून जास्त किलोमीटरवर. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. बाबूजींच्या वडलांच्या बोलण्यात 'राजधानी' म्हणजे शेवटपर्यंत नागपूरच राहिलं. गोंदियाहून दुपारी विदर्भ एक्स्प्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून अंधार असताना, कल्याण येतं. आमच्याकडच्या कितीतरी माणसांची मुंबई तिथंच सुरू होते आणि तिथंच संपते. सीएसएमटीपर्यंत जाण्याचं त्यांना कारणच पडत नाही.

दादानं आधीच बजावलं होतं, सामान घेऊन लोकलमध्ये चढू नका, रिक्षा करा. पत्रीपुलावरून रिक्षा वळली तेव्हा उजाडत होतं. बाबूजी बाहेर डोकं काढून इमारतींचे मजले मोजत होते. बाविसाव्या मजल्याला त्यांनी मोजणं सोडून दिलं.

सिनेमा पाहायचं आधी ठरलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी वहिनीनं विचारलं, बाबूजींना काय दाखवायचं? दादा हसत म्हणाला, डोंबिवलीत आलेत तर डोंबिवलीचंच दाखवू.

निशिकांत कामतचा हा पहिला सिनेमा. २००५चा. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे त्यानंच तो तमिळमध्येही केला. माधव आपटे हा बँकेतला साधा माणूस. संदीप कुलकर्णीनं तो असा केलाय की चेहरा आठवायचा म्हटलं तर आधी त्याचे खांदे आठवतात. सुरुवातीचा भाग आजही तितकाच जोरात लागतो. उठणं, आवरणं, डबा, स्टेशन, गर्दी, ऑफिस, परत गर्दी, घर. मग तेच पुन्हा, पुन्हा, दर वेळी थोडं अधिक तुटक. कोड लिहिणाऱ्याला हे लगेच कळतं. हा व्हाइल लूप आहे आणि बाहेर पडायची अट लिहायला कोणीतरी विसरलंय. संवादाशिवाय, केवळ कापाकापीतून एका माणसाचा दम कोंडलेला दाखवणं मराठी सिनेमात त्याआधी फारसं कोणी केलं नव्हतं.

त्यानंतर दुकानदार थंड पेयाचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागतो आणि आपटेच्या हातात बॅट येते. इथून पुढचा सिनेमा पहिल्यांदा मला थरारक वाटला होता. या वेळी तो जरा सोपा वाटला. जोएल शूमाकरच्या १९९३च्या 'फॉलिंग डाउन'शी त्याची तुलना नेहमी होते. ती तुलना मला तितकी महत्त्वाची वाटत नाही. उसनं घेतलं असेल तरी आपटे पूर्ण आपला माणूस आहे. मला खटकलं ते दुसरं. आपटेचा राग हा हिशोबनिसाचा राग आहे. प्रत्येक अन्यायापुढे एका माणसाचं नाव लिहिलेलं असतं आणि तो माणूस समोर उभा असतो. मारता येईल इतका जवळ. पण ज्या गोष्टीनं तो मुळात मोडलाय, त्या डब्यातल्या गर्दीपुढे कोणाचंच नाव नाही. गर्दीला बॅटनं मारता येत नाही. दिग्दर्शकाला हे ठाऊक असावं, कारण शहरभर फिरवून तो आपटेला शेवटी परत लोकलच्या डब्यातच आणतो. सिनेमाचं सगळ्यात खरं काय असेल तर हे परत येणं. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. ती बातमी वाचताना मला आपटेचा राग आठवला नाही, ती सुरुवातीची कापाकापी आठवली.

आणि नावात डोंबिवली असली तरी सिनेमात डोंबिवली जवळजवळ नाही. 'डोंबिवली फास्ट' हे एका गाडीचं नाव आहे. डोंबिवली म्हणजे आपटे जिथं झोपतो ते घर, बायको, दोन मुलं. हे गाव कोणाचं, इथं कोण राहतं, मुंबईकडे जायला एकच अरुंद नळी का आहे, यांतलं काहीच तो विचारत नाही. विचारायला त्याला वेळही नाही म्हणा.

बाबूजी पूर्ण वेळ जागे होते. हेच नवल. संपल्यावर म्हणाले, "पन या मानसाचं गाव कोनतं?"

मी म्हटलं, "डोंबिवली."

"ते नाही. गाव, गाव."

दादा म्हणाला, "बाबूजी, त्याले गाव असतं तर हा सिनेमाच झाला नसता. वैतागला असता तर चार दिवस गावाले जाऊन आला असता."

सगळे हसले आणि जेवायला बसले. पण मला झोप लागेना. दादाचं उत्तर चटपटीत होतं, खरं नव्हतं. दादाला गाव आहे. तो वर्षातून एकदा येतो, भाऊबीजेनंतरच्या मंडईला, जमलं तर. वैताग आला म्हणून तो कधीच आलेला नाही. उलट वैताग आला की त्याचे फोन कमी होतात.

बाबूजींचा प्रश्न मात्र समीक्षेचा होता आणि मी वाचलेल्या या सिनेमावरच्या कुठल्याच लेखात तो मला भेटलेला नाही. आपटेला भूतकाळ नाही. त्याचे वडील कुठून आले, घर कशातून घेतलं, काय विकून घेतलं, कोणाला मागे सोडलं, यातलं काहीच पडद्यावर येत नाही. जणू तो त्या फ्लॅटमध्येच उगवला. मराठी मध्यमवर्गीय नायक म्हटला की तो असाच, मुळांशिवाय, 'सामान्य माणूस' म्हणून उभा केला जातो. कारण गाव दिलं तर जात येते, जमीन येते, बोली येते, भाऊबंद येतात. मग तो सगळ्यांचा प्रतिनिधी राहत नाही. पण डोंबिवली नावाचं शहर तर अशा माणसांनीच भरलेलं आहे, ज्यांना प्रत्येकाला एक दुसरं गाव आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच साडेबारा लाखांच्या आसपास होती. ही माणसं कुठून तरी आली.

इथं थोडं आमच्याकडचं सांगतो. आमगावजवळ पदमपूर नावाचं खेडं आहे. आठव्या शतकातला नाटककार भवभूती ज्या पद्मपूरचा, ते हेच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, आमच्या कॉलेजला नावही भवभूतीचंच आहे. हा माणूस पुढे कनोजच्या यशोवर्म्याच्या दरबारात गेला. म्हणजे आमच्या भागातला पहिला लेखकसुद्धा राजधानीला निघून गेलेलाच. पण नाटकाच्या प्रस्तावनेत, गोष्ट सुरू होण्याच्याही आधी, तो सूत्रधाराच्या तोंडून आपलं गाव सांगतो. दक्षिणेकडचं पद्मपूर, तिथलं घराणं, आजोबा, आई-वडील. प्रेक्षकांना आधी हे ऐकावं लागायचं, मग नाटक. आपटेच्या सिनेमाला ती प्रस्तावनाच नाही.

रविवारी फ्लॅट पाहायला गेलो. कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या बाजूला. बिल्डरचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. त्या रस्त्यावरची सगळी माहितीपत्रकं एकाच माणसानं लिहिल्यासारखी आहेत. मला विचाराल तर डोंबिवलीवर सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर म्हणजे ही पत्रकं. कथा-कादंबऱ्यांच्या कितीतरी पट जास्त. तेव्हा त्यांचीही समीक्षा व्हायला हवी.

आमच्या हातातल्या पत्रकात गावाचं नाव कुठंच नव्हतं. जागा सांगितली होती ती फक्त मिनिटांत. मेट्रो इतकी मिनिटं, विमानतळ इतकी मिनिटं, ऐरोली इतकी मिनिटं. मेट्रोचे खांब रस्त्यात उभे दिसत होते, गाडी नव्हती. क्रियापदं सगळी वर्तमानकाळी, गोष्टी बऱ्याचशा भविष्यातल्या. आम्ही प्रोजेक्टच्या डेमोला असंच करतो: बटण दाखवायचं, मागे काही जोडलेलं नसलं तरी. त्यामुळे मला राग आला नाही, ओळखीचं वाटलं. चित्रात एक जोडपं बाल्कनीत कॉफी पीत होतं. त्यांच्या बाल्कनीतून हिरवे डोंगर दिसत होते, एमआयडीसी दिसत नव्हती. २३ मे २०२४ला तिथल्या एका कंपनीत स्फोट झाला तेव्हा दादाच्या भाड्याच्या घरातली स्वयंपाकघराची काच फुटली. वहिनी तेव्हा आत नव्हती एवढंच. त्याआधी २६ मे २०१६लाही तिथं असाच मोठा स्फोट झाला होता, बारा जण गेले होते. मिनिटांच्या यादीत त्या जागेपासूनचं अंतर दिलेलं नव्हतं.

सेल्स ऑफिसातल्या मुलीनं विचारलं, "अंकल, इन्व्हेस्टमेंटसाठी की स्वतः राहायला?" बाबूजींना प्रश्नच कळला नाही. घर दुसऱ्या कशासाठी घेतात, असा चेहरा करून त्यांनी तिलाच विचारलं, "पानी कोठून येते?"

"चोवीस तास आहे अंकल."

"किती तास नाही विचारलं, बाई. कोठून?"

ती हसली आणि आम्हाला सँपल फ्लॅट दाखवायला घेऊन गेली. परत निघताना शेजारच्या तयार इमारतीच्या फाटकात पाण्याचा टँकर उभा होता. बाबूजी काही बोलले नाहीत. आमचा जिल्हा तलावांचा; पाणी कुठल्या बोडीतून कुठल्या बांधीत उतरतं, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याशी आमच्याकडे कोणी जमिनीचा व्यवहार करत नाही.

रस्त्याच्या पलीकडे एक मोकळा तुकडा होता. पत्रे लावून अर्धा झाकलेला. बाबूजी तिथं थांबले. वाळलेलं गवत आणि त्यात गुडघ्याहून कमी उंचीचे मातीचे बांध, चौकोन करत गेलेले. "अरे, इथंबी धानच होता," ते म्हणाले. कोकणात या चौकोनाला खाचर म्हणतात, आमच्याकडे बांधी. बाकी सगळं तेच. पाणी अडवायची तीच युक्ती.

हा परिसर 'सत्तावीस गावं' म्हणून ओळखला जातो. मुख्यतः आगरी वस्ती, भातशेती. महापालिका झाली तेव्हा ही गावं तिच्यात घेतली, २००२मध्ये बाहेर काढली, २०१५मध्ये परत आत घेतली. आत की बाहेर, हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्या गावाचं शहर व्हावं की नाही हे गावाला विचारून ठरत नाही, हे आमगावच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. पण पाहा, धानाची दोन एकर विकून आलेले पैसे दुसऱ्या कोणाच्या धानाच्या बांधीवर उभ्या राहणाऱ्या बाविसाव्या मजल्यात जाणार. यात कोणी फसवलं, असं म्हणता येत नाही. बॅट घेऊन कोणाकडे जाणार?

रात्री 'झोंबिवली' लावला. बाबूजींनीच विचारलं होतं, डोंबिवलीचा अजून कोणता आहे का म्हणून.

आदित्य सरपोतदारचा हा सिनेमा २०२२च्या प्रजासत्ताक दिनाला आला. अमेय वाघचा सुधीर हा इंजिनिअर, गरोदर बायकोला घेऊन डोंबिवलीच्या नव्या कोऱ्या उंच संकुलात राहायला येतो. भिंतीपलीकडे वस्ती, तिथं ललित प्रभाकरचा विश्वास. मग झोंबी. मी हा सिनेमा आधी टाइमपास म्हणून सोडून दिला होता, आणि त्याबद्दल आता जरा लाज वाटते. हसवता हसवता तो 'डोंबिवली फास्ट'च्या एक पायरी पुढे गेलेला आहे. इथं वाईटपणा एका दुकानदारात नाही, तो पसरतो, आणि त्याचं मूळ शोधत गेलं तर पाण्याच्या धंद्यापाशी पोचतं. कोणाच्या नळाला पाणी, कोणाला बाटलीतलं, कोणाला काहीच नाही. आमच्या भाषेत, बग एका माणसात नाही, पाइपलाइनमध्ये आहे. सतरा वर्षांत डोंबिवलीबद्दलचा प्रश्न 'कोण लुबाडतो'वरून 'काय कुठून वाहतं'पर्यंत आला. बाबूजींनी सकाळी सेल्स ऑफिसात हेच विचारलं होतं.

भिंतीचंही तसंच. 'डोंबिवली फास्ट'मधलं घर साध्या इमारतीतलं, खाली रस्ता, रस्त्यावर सगळे. 'झोंबिवली'त फाटक आहे, वॉचमन आहे, आत आणि बाहेर आहे. झोंबी हे निमित्त. फाटक उघडायचं की नाही, हाच खरा ताण.

सूर हलतो, हे मान्य. भीती आणि विनोद एकमेकांच्या पायात येतात. पण ही तक्रार माझी. बाबूजींना त्यात काही खटकलं नाही. "आपल्या वडश्याच्या नाटकावानी आहे," म्हणाले. झाडीपट्टीत वाढलेल्या प्रेक्षकाला एकाच रात्रीत भूत, लावणी, हुंडाबळी आणि विनोदी नट हे सगळं चालतं, नव्हे, लागतंच. तेव्हा सूर कोणाच्या कानानं तपासायचा, हा प्रश्न मी स्वतःपुरता उघडा ठेवलाय.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. वस्ती पुन्हा एका तडफदार नेत्यापुरती उरते, बाकीचे घोळक्यात. सुधीर-सीमा कुठून आले याचं फार काही नाही. आणि ज्यांच्या खाचरांवर संकुल उभं आहे ते भिंतीच्या आतही नाहीत, बाहेरही नाहीत. दोन्ही सिनेमांत मिळून त्यांचा एक माणूस आपल्याला आठवत नाही.

डोंबिवलीला लेखकांची वाण नाही. शं. ना. नवरे इथलेच म्हणून ओळखले गेले. नागपुरात 'आदेश' साप्ताहिक चालवणारे पु. भा. भावे पुढे इथं स्थायिक झाले, त्यांच्या नावाचं सभागृह आहे. २०१७चं नव्वदावं साहित्य संमेलन इथंच भरलं आणि त्याचे अध्यक्ष अक्षयकुमार काळे नागपूरचे समीक्षक. म्हणजे आमच्या बाजूची माणसं डोंबिवलीत फार आधीपासून येऊन बसलेली आहेत. या शहराला सुसंस्कृत म्हणायची पद्धत आहे: फडके रोड, दिवाळी पहाट, पाडव्याची शोभायात्रा. दादा सहा वर्षांत फडके रोडच्या दिवाळीला एकदा गेला. म्हणाला, छान होतं, पण आपलं कोणी नव्हतं. तो ज्या डोंबिवलीत राहतो ती शीळ रस्त्याची आहे. तिच्यात छत्तीसगढी बोलणारा प्लंबर आहे, नांदेडची नर्स आहे, आगरी घरमालक आहे. तिच्यावरचं मराठीतलं पान मी अजून शोधतो आहे.

सोमवारी बाबूजी म्हणाले, मले ते स्टेशन पायचं आहे, सिनेमातलं. सकाळी आठला आम्ही दादाबरोबर गेलो. त्याचं ऑफिस विक्रोळीला. विक्रोळीला फास्ट थांबत नाही, त्यामुळे खऱ्या आयुष्यात तो डोंबिवली स्लोचा माणूस आहे. पुलावर आम्हाला कठड्याला चिकटून उभं करून तो जिन्याकडे निघाला. जाता जाता त्यानं पाठीवरची बॅग पुढे पोटावर घेतली. इथं सगळेच घेतात, मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. बाबूजींनी ते पहिल्यांदाच पाहिलं. लहान मूल घेतल्यासारखी दोन्ही हातांनी धरलेली बॅग, आणि तशीच बॅग धरलेले शेकडो लोक, एकाच दिशेला तोंड करून.

गाडी आली. "मोठा कोनता? दिसते का तुले?" बाबूजींनी विचारलं.

मला दिसत नव्हता. मी हात करून एका निळ्या शर्टाकडे बोट दाखवलं. तो तो नव्हता बहुतेक.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. नागपूर येईपर्यंत ते जमिनीबद्दल काहीच बोलले नाहीत. तुमसर गेल्यावर बाहेर आमच्याकडच्या बांध्या सुरू झाल्या, धान कापून रिकाम्या. बिल्डरकडे टोकन भरायची मुदत या महिनाअखेरची आहे. दादा रोज फोन करतो, पण विषय काढत नाही, वहिनी काढते. काल रात्री बाबूजींनी तो पहिला सिनेमा परत लावायला सांगितला, लोकलचा. सुरुवातीची दहा मिनिटं पाहिली आणि म्हणाले, बंद कर, एवढंच पायचं होतं.